परसात खणताना जुने ड्रेनेजचे पाईप लागले, फोडून टाकू का?

घरामागे आंबा लावायला खड्डा घेतला, दोन फुटांवर चॉकलेटी, चकचकीत पाईपांची ओळ लागली आणि गडी म्हणतोय "मेलेली लाइन आहे, फोडू का", असं तुम्ही लिहिलंय. आज तरी फोडू नका.

मी फोडली होती. साताऱ्यातल्या जुन्या घराच्या परसात, नारळासाठी. आमच्या न्हाणीचं पाणी केव्हाच पुढच्या गटाराला जोडलेलं, मग ही लाइन कुणाची असणार? घातला पहारीचा घाव. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा साबणाच्या पाण्याने तुडुंब. पाणी चुलत्यांकडचं. आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या, मधे भिंत उठली, बोलणंही बंद झालं. मोरीची लाइन मात्र कुणी वाटून घेतली नव्हती. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "आता आंघोळपण बंद करतोस का रे आमची?" काय बोलणार!

तुमचे पाईप वर्णनावरून चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे वाटतात. भट्टीत मीठ टाकून ती चकाकी आणत. पीव्हीसी येण्याआधी घरोघरी हेच असायचे. (बिनचकाकीचे लाल खापरी नळ चुन्यात बसवलेले दिसले, तर गोष्ट वेगळी. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या नहरींत (जमिनीखालच्या पाणीवाटांत) तसले नळ आहेत, पण ते पिण्याच्या पाण्याचे.) आणि राखाडी, सिमेंटसारखा पाईप असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला ग्राइंडर लावू नका, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

लाइन चालू आहे का, हे बघायला पाईपाचं रुंद तोंड, म्हणजे सॉकेट, कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. पाणी त्या बाजूने येतं. मग एका सांध्यावरचं सिमेंट छिन्नीने जपून उकरा. सांधा परत बुजवता येतो, फुटलेला पाईप नाही. त्या दिशेच्या सगळ्या मोऱ्यांत, शेजाऱ्यांच्यासुद्धा, बादलीभर निळीचं पाणी ओतायला लावा. निळं पाणी आलं की उत्तर मिळालं. आंघोळी-धुण्याच्या वेळी बघा, दुपारी नाही. आम्ही दुपारीच पाहिलं होतं.

शेजाऱ्याचं पाणी निघालं तर भांडायला जाऊ नका. १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टप्रमाणे (दुसऱ्याच्या जागेतून वाट, पाणी नेण्याच्या हक्कांचा कायदा) २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाखंड चाललेल्या वहिवाटीला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. खर्च वाटून पीव्हीसी टाकलेलं परवडतं.

लाइन खरंच बंद असेल तर सगळी उपसायची गरज नाही. खड्ड्यातला तुकडा काढा आणि दोन्ही उघडी तोंडं विटांचे तुकडे नि सिमेंटने बुजवा, नाहीतर घुशी त्यातूनच येतात. पाईपाच्या टोकाला शहाबादी फरशी लागली तर मात्र तिच्यावर पाय देऊ नका. खाली जुनी सेप्टिक टाकी असू शकते. तिच्यात डोकावायला कुणालाही उतरवायचं नाही, आतला वायू हाक मारायलाही वेळ देत नाही.

लाइन चालू असो वा बंद, आंबा तिथून पंधरा-वीस फूट लांबच लावा. मुळं सांध्यातून आत शिरतात. आमचा नारळ आता विहिरीकडच्या कोपऱ्यात आहे, आणि शहाळी काकूंकडेही जातात.