मोठ्या शास्त्रज्ञाच्या शब्दामुळे विज्ञान मागे पडतं का?

पडतं की, आणि त्यासाठी समोरचा माणूस वाईटच असायला लागतो असं नाही. भारतीय खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर आणि त्या काळचे मोठे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांचंच बघा ना. १९३० मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना १९ वर्षांच्या चंद्रशेखर या पोराने गणित मांडलं की श्वेत बटू (म्हणजे इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्याच्या वस्तुमानाला एक लिमिट आहे (सूर्याच्या साधारण १.४ पट), त्याच्या वर गेला की तो आकसतच जाणार. जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं आणि लगेच एडिंग्टन उठले, म्हणाले तारा असा वेड्यासारखा वागू नये म्हणून निसर्गाचा काहीतरी नियम असलाच पाहिजे. युक्तिवाद चुकीचा होता, पण १९१९ च्या ग्रहणात आइन्स्टाइनला खरं ठरवणारा माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार? आणि हेच एडिंग्टन आधी केंब्रिजला चंद्रशेखरच्या खोलीवर येऊन आकडेमोड कुठवर आली ते बघायचे! पाउलीसारख्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरचं म्हणणं खासगीत पटलेलं, जाहीरपणे सगळे गप्प. शेवटी चंद्रशेखरनी तो विषयच बाजूला ठेवला, शिकागोला गेले, नोबेल मिळालं थेट १९८३ ला. दोघांची मैत्री मात्र टिकली, हे मला अजून झेपत नाही.