चेहरा धुताना सुरुवातीला एवढंच सांभाळ

अगं, आधी टेन्शन सोड, पंधरा प्रॉडक्ट घ्यायची काही गरज नाहीये. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी, आणि नेहमीचा अंगाचा साबण ९-१० च्या आसपास, त्यामुळे धुतल्यावर गाल ताणल्यासारखे होतात, हसलं तरी ओढ बसते, ते आपल्याला वाटतं स्वच्छ झालं पण खरंतर त्वचा कोरडी पडलेली असते.

म्हणून साबणाऐवजी साधा, बिनवासाचा सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट बार (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली सौम्य वडी) घे. दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने, बोटांनी हलकेच, आणि टॉवेलने घासू नकोस, नुसतं टिपून घे. चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- लिंबू चोळणं (पीएच २ च्या जवळपास, आग होते)
- खायचा सोडा
- पिंपल आले म्हणून चार-चार वेळा धुणं, मीही कॉलेजात हेच केलं आणि नाकाशेजारी सालं निघायला लागली

टोनर, सिरम, अ‍ॅसिड सगळं नंतर बघू. तीन-चार आठवडे एवढंच कर, मग सांग. लाली, खाज थांबतच नसेल तर मात्र सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखव.