अर्थशास्त्रात बी. ए. केले, तर पुढे काय?

प्रश्न : मी डोंबिवलीची विद्यार्थिनी असून वाणिज्य शाखेतून बारावी झाले आहे. गणितही घेतले होते. मला अर्थशास्त्रात बी. ए. करायचे आहे, पण ‘शेवटी बँकेत कारकुनीच करायची, तर बी. कॉम. काय वाईट?’ असे बाबा म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : बाबांची शंका अगदीच अनाठायी नाही. नुसत्या बी. ए.वर अर्थतज्ज्ञ म्हणून सहसा कोणी नेमत नाही. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागासाठी ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांची जी स्वतंत्र भरती होते, तिलाही लागते. तेव्हा त्यांच्यापुढे तीन नव्हे, पाच वर्षांचा हिशेब मांडा.

गणित घेतल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातील तीच ओळ सर्वांत मोलाची वाटली. कांदा दहा रुपयांनी महागला की घरात किती कमी येईल, हे आईला अंदाजाने कळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोच अंदाज, वाशीच्या बाजारातील आवक, लांबलेला पाऊस आणि सणासुदीची मागणी यांचे परिणाम वेगवेगळे काढून, आकड्यांत मांडावा लागतो. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखण्यासाठी व्याजदर ठरवते, त्यामागे अशाच अंदाजांची मेहनत असते आणि ती संख्याशास्त्र व अर्थमिती (आर्थिक घटकांमधील संबंध आकडेवारीवरून मोजण्याचे शास्त्र) यांच्यावाचून होत नाही. गणिताला घाबरून अर्थशास्त्राकडे येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांची पंचाईत एम. ए.ला होते.

पुढील शिक्षणासाठी मुंबई सोडावी लागेल, असेही नाही. मुंबई विद्यापीठाचा १९२१ पासूनचा अर्थशास्त्र विभाग आज कलिन्याला आहे. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. बँका, पतमानांकन संस्था आणि दलाली पेढ्यांचे संशोधन विभागही मोठ्या प्रमाणावर याच शहरात आहेत.

सनदी लेखापाल व्हायचे मनात असेल, तर बी. कॉम.च सोयीचे. एरवी महाविद्यालय निवडताना, अर्थमिती खरोखर शिकवतात की ती माहितीपुस्तिकेतच राहते, हे तेथील शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारून या, आणि शक्य झाल्यास बाबांनाही सोबत न्या.