धाप लागली म्हणजे दुखणे परत आले का?

"न्यूमोनियातून उठून दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात फुप्फुस साफ आहे, फिरा, पळा. पण जरा धाप लागली की वाटतं, आलं परत." मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी डेंग्यूतून उठलेले असते, कुणी टायफॉइडमधून. उत्तर म्हणून एका अक्कांची हकीकत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, वय 43, टॉवेलच्या कारखान्यात घडी-पॅकिंगचे काम. 11 दिवस दवाखान्यात होत्या, त्यातले 3 दिवस ऑक्सिजनवर. घरी आल्या, हळूहळू भाकरी जायला लागली, पण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सुटेना. भांडी घासली की बघायचा, जिना चढला की बघायचा, रात्री उठून बघायचा. आकडा 97, 98. तरी जिवाची घालमेल. "आकडा चांगला हाय ओ मॅडम, पण छाती धडधडायलीय त्याचं काय?"

तुमची भीती खोटी आहे, असे मी त्यांना म्हटले नाही. तीन दिवस ज्याला श्वास पुरला नाही त्याचे मन श्वासावर पहारा ठेवणारच. अडचण एवढीच की, फार दिवस जागलेल्या पहारेकऱ्याला चोर कोण आणि पाहुणा कोण ते कळेनासे होते. दुखण्याची धाप असो की मेहनतीची, छाती धडधडते, घाम येतो, घसा कोरडा पडतो. फरक कळतो तो थांबल्यावर. मेहनतीची धाप उतरते.

म्हणून आम्ही दोघी माझ्या ऑफिसचे दोन मजले चढलो. वर पोचताच त्यांनी कठडा धरला आणि हात पर्सकडे गेला. मी म्हटले, "अक्का, आकडा नको, घड्याळ बघा." 4 मिनिटांनी त्या न थांबता एक अख्खे वाक्य बोलल्या. ते 4 आम्ही वहीत लिहिले. पुढचे सारे काम त्या वहीतच झाले.

त्यांना मी एक प्रयोगही सांगितला. 1966 साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या 5 धडधाकट तरुणांना 3 आठवडे नुसते अंथरुणात ठेवले. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. मग व्यायाम सुरू केला आणि ती भरून निघाली. 30 वर्षांनी त्याच पाच जणांना तपासले, तर इतक्या वर्षांच्या वयानेही त्यांना त्या 3 आठवड्यांइतके खाली आणले नव्हते. अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आजारी नाही. पडून पडून ढिली झालेय."

डॉक्टरांची परवानगी घेऊन फेब्रुवारीत होम मैदानावर सुरुवात झाली, सोबत धाकटी मुलगी. एक खांब पळायचे, तीन खांब चालायचे. पळताना मुलीशी बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की चालायचे. यजमानांना हे पटले नव्हते. या वयात बाईमाणसाने मैदानात पळायचे, लोक काय म्हणतील? त्यांना मी एक दिवस सोबत जायला सांगितले. ते गेले आणि पुढे बाकावर बसून वेळ मोजू लागले.

पहिला लाभ फुप्फुसाचा नव्हता, झोपेचा होता. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जागेवर येते. दहा-बारा दिवसांत रात्रीचे उठणे थांबले. मग भूक. मनाला उभारी त्यानंतर आली. ती अक्कांनी अशी सांगितली: "माग बंद पडल्यावर कारखान्यात एकदम शांत होतंय बगा, तसं डोकं शांत झालं." पळल्यावरच्या या हलकेपणामागे शरीरातली काही रसायने असतात, हे खरे. पण मला त्याहून मोठे वाटते ते हे की, ज्या धडधडीला त्या घाबरत होत्या ती त्यांनी रोज सकाळी स्वतःहून बोलावली आणि रोज ती उतरताना पाहिली.

तिसऱ्या आठवड्यात चूक झाली आणि ती माझी होती. बरे वाटतेय म्हणून एका रविवारी त्या भरपूर पळल्या. सोमवार-मंगळवार अंथरुणात, ऑक्सिमीटर पुन्हा उशाशी. मेहनतीचा थकवा कधी कधी दुसऱ्या दिवशी गाठतो, विशेषतः दुखण्यानंतर, हे मी आधीच सांगायला हवे होते. दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडले तर मागे यायचे, आधीच्या निम्म्यावर. दर वेळी असेच होत राहिले तर पळणे थांबवून डॉक्टरांना विचारायचे. आणि छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, बसल्या जागी धाप लागणे, यांत वही नाही आणि समुपदेशकही नाही, थेट दवाखाना.

आम्ही अर्ध्यावर आलो आणि पुन्हा चढलो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जायला लागला तेव्हा अक्का उजाडता उजाडता मैदानात असायच्या आणि ऊन चढायच्या आत घरी. त्यांचे सलग पळणे तेव्हा 10 मिनिटांचे होते, एवढेच. शेवटच्या भेटीत आम्ही तेच दोन मजले पुन्हा चढलो. वहीत 1 लिहिला. ऑक्सिमीटरचे विचारले, तर म्हणाल्या, "त्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटात घातले."