ड्राइव्ह मेली नव्हती

पत्र : मुलगा यंदा दहावी झाला. दुकानाच्या कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड घेतला, त्यात जुन्या लॅपटॉपची एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) दिसेना. दुकानदार म्हणाला, "मेली, नवी घ्या." पोरानं दोन दिवस डोकं घालून सगळा हिशोब परत काढला. त्याला सरळ रिपेअरिंगच्या कोर्सला घालू का? – एक वडील

नमस्कार,

घाई करू नका. आधी पोरानं काय केलं ते बघा. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, मला मात्र पत्रात तेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

तुमची एसएसडी बहुधा एम डॉट टू प्रकारची, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत बसणारी छोटी पट्टी. पण एम डॉट टू ही फक्त पट्टीची आणि खाचेची मापं. त्यातून बोलणारी भाषा दोन प्रकारची : साटा किंवा एनव्हीएमई. जुनी पट्टी साटाची असणार, आणि नव्या बोर्डांचे बरेचसे स्लॉट (खाचा) आता फक्त एनव्हीएमईच ओळखतात. पट्टी बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नाव येत नाही. हे त्यानं मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये शोधलं असणार, मग साटा चालणारं यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) आणून डेटा उतरवून घेतला असणार. अडीच इंची जुनी एसएसडी असती तर केबल लावून सरळ चालली असती. त्यात डोकं लागत नाही.

"मेली" म्हणण्याआधी मॅन्युअल उघडणारी माणसं या धंद्यात कमी आहेत. (दुकानदारावर रागावू नका, नवी विकण्यात त्याचा फायदा.)

आता तुमचा प्रश्न. चार-सहा महिन्यांचे खासगी कोर्स पार्ट बदलायला शिकवतात, तो का बिघडला ते क्वचितच. लवकर कमाई हवीच असेल तर आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्क ट्रेड बघा. माझं मत मात्र पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाकडे, त्यातही इलेक्ट्रॉनिक्सकडे. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि फर्मवेअर, एम्बेडेडची (यंत्रांच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या कामाची) दारं तिथूनच उघडतात. गणिताचा कंटाळा आहे का, हे त्यालाच विचारा. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडतं.

शिवाय त्याला माझ्याकडून एक कोडं द्या : जुनी विंडोज असलेली एसएसडी नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये दिसते, तरी विंडोज सुरू होत नाही. का? ड्राइव्हचे भाग पाडायची पद्धत एमबीआर (जुनी) आहे की जीपीटी (नवी), तिथून सुरुवात कर म्हणावं. उत्तर त्याच्याच हातानं लिहून पाठवा, मग शाखेचं बोलू.