मासे सुटले, आता आयोडीन कुठून?

तिचं माहेर रत्नागिरीचं, सासर पुण्यातलं, पूर्ण शाकाहारी. तिसरा महिना चालू होता. आहाराचं बोलून घ्या म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं, पण तिच्या मनात एकच प्रश्न होता. "मॅडम, माहेरी बांगडा नाहीतर कोळंबी असायचीच. लग्नानंतर सगळं सुटलं. आयोडीन कमी पडून बाळाच्या मेंदूला काही होणार नाही ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. आयोडीनपासून थायरॉइडचं संप्रेरक तयार होतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ त्यासाठी आईवरच अवलंबून असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250. पण आपल्याकडे बहुतेकांना ते माशांतून नाही, मिठातून मिळतं. म्हणून मी विचारलं, "घरी मीठ कुठलं वापरता?"

उत्तर सोबत आलेल्या सासूबाईंनी दिलं. "शेंदेलोण. मला बीपी निघालं तेव्हापासून पांढरं मीठ बंदच केलंय. त्यात केमिकल असतं म्हणे."

काळजीची खरी जागा सापडली. शेंदेलोण खाणीतून निघतं. वेगळं आयोडीन मिसळलं नसेल तर त्यात ते नगण्य असतं, आणि बाजारातल्या बहुतेक पाकिटांत ते मिसळलेलं नसतं. गुलाबी रंगाने यात काही फरक पडत नाही. मिठागरातलं खडं मीठसुद्धा यात मागेच आहे. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन इतकं थोडं असतं की नुसत्या समुद्री मिठावर गरज भागत नाही.

सासूबाईंना मी म्हटलं, "काकू, बीपी वाढतं सोडियममुळे, आणि ते दोन्ही मिठांत जवळपास सारखंच. तुमच्यासाठी मीठ कमी करायचं, बदलायचं नाही." ज्याला त्या केमिकल म्हणत होत्या ते पोटॅशियम आयोडेट, म्हणजे आयोडीनचंच संयुग, आणि ते मुद्दामच घालतात. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड, म्हणजे आयोडीनअभावी गळ्याशी सुजलेली थायरॉइड ग्रंथी, होता. तिथे 1956 पासून संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि काही वर्षांत गलगंड झपाट्याने कमी झाला. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला 2006 पासून बंदी आहे. हे सगळं काकू शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग उपवासाला?" उपवासाला शेंदेलोण खुशाल राहू द्या, म्हटलं. रोजच्या आमटी-भाजीत मात्र आयोडीनचंच हवं.

मग हिशोब मांडला. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडताना मिठात ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चमच्याच्या आतच ठेवायचं. तेवढ्यातून किमान 75 मिळतात, मीठ ताजं आणि नीट ठेवलेलं असेल तर जास्त. उरलेल्यासाठी दूध, दही, ताक. मळमळीमुळे तिने दूध सोडलं होतं, चहात पडेल तेवढंच. दही मात्र तिला चालत होतं, म्हणून दोन्ही जेवणांत वाटीभर दही आणि दुपारी ताक ठरलं. अंड्याचं नाव निघालं तेव्हा ती सासूबाईंकडे बघू लागली. त्या म्हणाल्या, "बाहेर खाऊन ये, पण आमच्या स्वयंपाकघरात नको." मला हा तोडगा आवडला.

मिठाची बरणी शेगडीजवळून हलवायला सांगितली. ओल, ऊन, उघडं झाकण यांनी आयोडीन उडतं, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा. मीठ भाजी उतरवताना घातलं तर आणखी बरं. कोबी-फ्लॉवर आयोडीनच्या आड येतात असं तिने ऐकलं होतं, म्हणून ते बंद करू का, हेही तिने विचारलं. शिजवलेल्या कोबीची भीती आयोडीन पुरेसं मिळणाऱ्याला नाही. तो सल्ला कृपया कोणी देऊ नये, आधीच गरोदरपणात बायका निम्मं ताट नाकारतात.

एका गोष्टीवर मी ठाम होते. तिच्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळीत आयोडीन नसतं, त्यामुळे 250 पर्यंत पोचायला वेगळी गोळी हवी का, हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ऑनलाइन मिळणाऱ्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल तिने मोबाइलवर दाखवल्या, त्यांना मी साफ नाही म्हटलं. त्यांत आयोडीन कधीकधी गरजेच्या कितीतरी पट असतं, आणि जास्त आयोडीननेही थायरॉइड बिघडतं.

उठता उठता काकूंनी स्वतःचं विचारलं. "मला थायरॉइडची गोळी आहे. मग मला हे मीठ चालेल?" चालेल. आज आपल्याकडे थायरॉइड मंदावण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. मीठ बदलून ते बरं होत नाही, आणि स्वयंपाकातल्या आयोडीनच्या मिठाने गोळीच्या कामात अडथळाही येत नाही. गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची, आणि जेवण सुनेच्याच पातेल्यातलं.