कंपनीने नियमांनुसार कोणकोणता संवेदनशील डेटा जपायला हवा?

तुम्ही विचारलंय की नाव, फोन नंबर आणि बँक खातं सांभाळलं की नियमांचं पालन झालं का. नाही, तेवढ्यावर भागत नाही. मी डेटा ऑडिटचं काम करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

वैयक्तिक माहितीचा गट सगळ्यात मोठा. त्यात ओळखपत्रांचे क्रमांक तर येतातच, पण युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यानुसार आयपी अॅड्रेस (इंटरनेटवरचा उपकरणाचा पत्ता) आणि कुकीचा आयडी (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखखूण) सुद्धा येऊ शकतो (हे ऐकलं की डेव्हलपर मंडळींचा चेहरा पडतो). त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये आणखी नाजूक गट वेगळा काढलाय: वंश, धर्म, राजकीय मतं, कामगार संघटनेचं सदस्यत्व, आरोग्य, लैंगिक जीवन, जनुकीय माहिती, आणि ओळख पटवायला वापरलेले बोटांचे ठसे किंवा चेहरा. हा डेटा वापरायला मुळात मनाईच आहे. अपवादात बसत असाल तरच हात लावायचा. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा गट नाही, मात्र १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरायला पालकांची संमती लागते.

आरोग्याच्या नोंदींबाबत ‘नाव काढलं की डेटा निनावी झाला’ हा समज सर्रास दिसतो. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या नियमांतली निनावी करण्याची एक पद्धत वापरायची तर १८ प्रकारचे तपशील काढावे लागतात. त्यात वर्ष सोडून उपचारांच्या तारखा, उपकरणांचे सिरीयल नंबर, गाडीचा नंबर, इतकंच काय, ८९ वरचं नेमकं वयसुद्धा आहे.

क्रेडिट-डेबिट कार्डाचा डेटा पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाखाली येतो. हा कायदा नाही, कार्ड कंपन्यांनी करारातून लादलेला नियम आहे, पण धाक कायद्याइतकाच. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही पेमेंट मंजूर झाल्यावर साठवायचा नाही, एन्क्रिप्ट करूनही (सांकेतिक रूपात बदलूनही) नाही. डेटाबेसमध्ये तो सहसा सापडत नाही. सापडतो कॉल रेकॉर्डिंगमध्ये! ग्राहक फोनवर कार्ड नंबर वाचतो, मग ते तीन आकडे वाचतो, आणि ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड केलेली ती फाइल वर्षानुवर्षं पडून राहते. त्या क्षणी रेकॉर्डिंग थांबवणं, किंवा ग्राहकाला आकडे कीपॅडवर दाबायला लावून त्यांचा आवाज झाकणं, हे दोन उपाय चालतात.

कर्मचाऱ्यांचे पगार आणि आजारपणाच्या रजेचे कागद लोक विसरतात. पासवर्ड आणि एपीआय की (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात प्रवेश देणारे गुप्त कोड) गळल्या तर बाकी सगळ्याचं दारच उघडं पडतं, म्हणून त्याही यादीत घ्या.

पण माझं मत विचाराल तर प्रकार पाठ करण्यापेक्षा डेटा कुठे कुठे सांडलाय ते आधी शोधा: सपोर्ट तिकिटांना जोडलेले फोटो, लॉग फाइल्स, कुणीतरी एक्सपोर्ट करून मेल केलेली एक्सेल शीट. सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला वापरतात त्या टेस्ट डेटाबेसपासून सुरुवात करा. त्यात खऱ्या ग्राहकांची माहिती भरलेली नसेल तर मला आश्चर्यच वाटेल.